नवीन जॉइंट सेक्रेटरी आलेत, पहिली ओळखभेट कशी करायची? दूतावासात नव्याने लागलेल्यांसाठी

दिल्लीत एखाद्या परदेशी दूतावासात नोकरी लागली की पहिल्या दोन-तीन महिन्यांतच हे काम अंगावर येतं. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयात आपल्या दूतावासाच्या देशाचं काम बघणारे अधिकारी बदलले, नवीन आलेत, आता आपल्या राजदूतांची किंवा डेप्युटी साहेबांची त्यांच्याशी पहिली भेट ठरवायची, कागद तयार करायचे, सोबत जाऊन नोट्स घ्यायच्या आणि परत आल्यावर सगळं लिहून काढायचं. मी साताऱ्याहून दिल्लीत आले तेव्हा मला यातलं काहीही माहीत नव्हतं आणि कुणी धड सांगितलंही नाही, सगळे म्हणायचे अगं कर्टसी कॉल आहे, चहा पिऊन यायचं. दोन दूतावासांत मिळून अकरा वर्षं हेच काम केल्यावर आता ठामपणे सांगते, ही भेट चहा पिऊन यायची नसते. हल्ली आपल्याकडची बरीच मुलं-मुली इंटरनॅशनल रिलेशन्स शिकून या नोकऱ्यांत येतायत, मला विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. या भेटीतून काही मिळवायचं नसतं, काही सुटायचं नसतं, या भेटीचं खरं काम एवढंच की सहा महिन्यांनी रात्री अकराला काहीतरी घडलं आणि तुम्ही फोन केला तर समोरच्याने तुमचं नाव ओळखून तो उचलला पाहिजे. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि २६ फेब्रुवारीपासून ऑपरेशन गंगाची विमानं सुटायला लागली तेव्हाचं आठवा. आपली हजारो मुलं, त्यात महाराष्ट्रातली मेडिकलची मुलंही बरीच, पोलंड, रोमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया, मोल्डोव्हाच्या सीमांवर पोचली होती, आणि एकूण सुमारे २२,५०० लोक परत आले. अशा दिवसांत दोन देशांमधलं काम तासातासाला चालतं, आणि तेव्हा ओळख करून घ्यायला कुणाकडेच वेळ नसतो, ती आधीच झालेली असावी लागते.

पायरी १ : कोण बदललंय आणि ते नक्की काय बघतात हे समजून घ्या

मंत्रालयाची उतरंड आधी पाठ करा. खालून वर अंडर सेक्रेटरी, डेप्युटी सेक्रेटरी, डायरेक्टर, मग जॉइंट सेक्रेटरी ज्यांना सगळे जेएस म्हणतात, मग अॅडिशनल सेक्रेटरी, सेक्रेटरी आणि सगळ्यात वर फॉरेन सेक्रेटरी. रोजचं काम ज्याच्या हातात असतं तो माणूस म्हणजे जेएस, कारण एकेका डिव्हिजनचा प्रमुख बहुतेक वेळा तोच असतो. डिव्हिजन दोन प्रकारच्या, एक भूभागाप्रमाणे आणि दुसरी कामाप्रमाणे, म्हणजे प्रोटोकॉल, पासपोर्ट-व्हिसा, कायदा आणि करार, संयुक्त राष्ट्रं वगैरे.

इथे नवीन माणूस हमखास चुकतो. आपल्या दूतावासाचा देश कुठल्या डिव्हिजनमध्ये येतो ते नकाशा बघून ठरवू नका. इराण आखाती देशांसोबत असेल असं वाटतं पण तो पाकिस्तान-अफगाणिस्तानसोबत पीएआय डिव्हिजनमध्ये असतो, मॉरिशस आणि सेशेल्स आफ्रिकेत शोधत बसाल तर ते श्रीलंका-मालदीवसोबत हिंदी महासागर डिव्हिजनमध्ये सापडतात, मंगोलिया चीन-जपानसोबत पूर्व आशियात. मंत्रालयाच्या वेबसाइटवर यादी असते ती बघा, आणि तरीही डेस्कला, म्हणजे त्या देशाचं रोजचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करून खात्री करा कारण रचना मधूनमधून बदलते.

मग नवीन माणसाची माहिती काढा. आपले आयएफएस, म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवेतले, अधिकारी बहुतेक करून परदेशातल्या पोस्टिंगवरून परत येऊन जेएस होतात आणि इथला काळ संपला की कुठेतरी राजदूत म्हणून जातात, त्यामुळे आधी कुठे-कुठे होते यावरून खूप कळतं. प्रत्येक आयएफएस अधिकाऱ्याला सुरुवातीलाच एक परदेशी भाषा सक्तीने शिकावी लागते, ती कुठली हेही बघा. आपले विजय गोखले, जे २०१८ ते २०२० फॉरेन सेक्रेटरी होते, त्यांची चिनी भाषा आणि चीनमधली वर्षं सगळ्यांना माहीत होती. ज्ञानेश्वर मुळे सरांची सुरुवात जपानी शिकून टोकियोत झाली. आता समजा तुमचा दूतावास लॅटिन अमेरिकेतल्या देशाचा आहे आणि नवीन जेएस स्पॅनिश बोलतात, तर पहिलं वाक्य त्या भाषेत झालं की खोलीतली हवाच बदलते, हे मी स्वतः बघितलंय.

माहिती काढायची म्हणजे सार्वजनिक असेल तेवढीच हं. पोस्टिंग, भाषा, लिहिलेले लेख, दिलेली भाषणं. घरच्यांची चौकशी, सोशल मीडियावरचे खाजगी फोटो असलं काही ब्रीफमध्ये, म्हणजे भेटीआधी राजदूतांसाठी तयार करायच्या टिपणात, घालू नका, ते असभ्य आहे आणि कामालाही येत नाही.

पायरी २ : आपल्याकडून कोण जाणार

साधा नियम, पातळीला पातळी. नवीन सेक्रेटरी आले तर राजदूत जातील, नवीन जेएस आले तर राजदूत किंवा डीसीएम म्हणजे डेप्युटी चीफ ऑफ मिशन, नवीन डायरेक्टर किंवा अंडर सेक्रेटरी असतील तर दूतावासातले फर्स्ट किंवा सेकंड सेक्रेटरी. छोट्या दूतावासात दोनच डिप्लोमॅट असतात तिथे राजदूतच सगळीकडे जातात आणि त्यात काही कमीपणा नाही.

पण तुमचे राजदूतच नवीन असतील तर थांबा. दूतावासांच्या कामाचे नियम ठरवणाऱ्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम १३ प्रमाणे राजदूताचं काम अधिकृतपणे सुरू झालं असं कधी धरायचं हे यजमान देशाच्या प्रथेवर असतं, एकतर ओळखपत्र (क्रेडेन्शियल्स, म्हणजे आपल्या राष्ट्रप्रमुखांनी दिलेलं नेमणुकीचं पत्र) सादर केल्यावर किंवा आल्याची सूचना देऊन त्याची खरी प्रत परराष्ट्र मंत्रालयात दिल्यावर. दिल्लीत मूळ ओळखपत्र राष्ट्रपती भवनात सादर होतं. त्याआधी कुणाला भेटता येतं आणि कुणाला नाही हे स्वतःच्या मनाने ठरवायचं नाही, प्रोटोकॉल डिव्हिजनला विचारायचं. मंत्रालयाचं प्रोटोकॉल हँडबुक आहे, ते पहिल्या आठवड्यात अख्खं वाचून काढा, कंटाळवाणं वाटलं तरी.

सोबत किती जण? तीनपेक्षा जास्त नकोत. बोलणारा एक, विषय माहीत असलेला एक, नोट्स घेणारा एक. सहा-सात जणांचा लवाजमा घेऊन गेलात तर समोरचा मोकळं बोलतच नाही.

पायरी ३ : वेळ मागायची

पत्र दोन प्रकारचं असतं. नोट व्हर्बाल म्हणजे तृतीयपुरुषी नोट, जी दूतावास मंत्रालयाला लिहितो, त्यात मी-आम्ही नसतं, सही नसते, फक्त आद्याक्षरं आणि दूतावासाचा शिक्का, सुरुवात ठरलेली की अमुक दूतावास मंत्रालयाला आपले कॉम्प्लिमेंट्स सादर करतो आणि शेवटही ठरलेला, हायेस्ट कन्सिडरेशनचा, म्हणजे अत्यंत आदर व्यक्त करणारा. दुसरं साधं पत्र, राजदूतांच्या सहीचं, नवीन अधिकाऱ्याच्या नावाने, त्यात अभिनंदन आणि भेटीची इच्छा. ओळखभेटीसाठी मला दुसरंच बरं वाटतं, त्यात माणूस माणसाला लिहितो. भेटीची औपचारिक विनंती नोटमधून पाहिजे असेल तर डेस्कवाले तसं सांगतात, मग दोन्ही पाठवा.

पत्र पाठवण्याआधी नाव, पद आणि डिव्हिजन तीनदा तपासा. माझ्या पहिल्या वर्षी मी जुन्या फाइलमधला मजकूर उचलला आणि अभिनंदनाचं पत्र चक्क बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या नावाने गेलं, राजदूतांची सही होऊन. समोरून कुणी काही बोललं नाही पण भेट मिळायला सात आठवडे लागले आणि ते सात आठवडे मला रोज टोचत होते. तेव्हापासून जुना मजकूर कॉपी करायचाच नाही, कोऱ्या कागदावर लिहायचं, ही सवय लावून घेतली.

पत्र गेलं की त्याच दिवशी जेएसच्या पीएसना फोन. हे पीएस, म्हणजे प्रायव्हेट सेक्रेटरी, दिल्लीतली फार महत्त्वाची मंडळी, साहेबांची डायरी त्यांच्या हातात असते. त्यांच्याशी नीट, नाव घेऊन, सर किंवा मॅडम म्हणून बोला, गडबड करू नका आणि एकच तारीख मागू नका, अमुक दोन आठवड्यांत तुमच्या सोयीने कधीही असं सांगा. फोनवर जे ठरलं ते लगेच ईमेलने लिहून पाठवा, त्यात येणाऱ्यांची नावं, पदं, गाडीचा नंबर.

कधी मागू नये? संसदेचं अधिवेशन चालू असताना जेएस लोक प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात बुडालेले असतात, बजेट, पावसाळी आणि हिवाळी तिन्ही अधिवेशनांच्या तारखा कॅलेंडरवर लाल करून ठेवा. सप्टेंबरचा शेवट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेमुळे जातो. २६ जानेवारीच्या आसपास प्रमुख पाहुण्यांची गडबड, आणि ज्या डिव्हिजनचा पाहुणा असेल तिथे तर फोनही लागत नाही. अधिकारी रुजू झाल्यावर पहिले दहा-बारा दिवसही सोडा, त्यांना फाइली वाचू द्या. तिसरा-चौथा आठवडा उत्तम.

पायरी ४ : ब्रीफ, आणि यावर खरा वेळ घालवा

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. राजदूत तिथे जे बोलतील ते तुमच्या कागदावरून, म्हणून कागद चांगला पाहिजे. लांबी एक पान, फार तर दीड. मी त्यात एवढं घालते.

वरती समोरच्या अधिकाऱ्याची पाच ओळींत ओळख आणि नावाचा उच्चार देवनागरीत नाही तर तुमच्या राजदूतांना वाचता येईल अशा लिपीत, कारण परदेशी माणसाला आपली आडनावं जड जातात आणि नाव चुकलं की सुरुवातच बिघडते. त्याखाली दोन देशांमध्ये शेवटचं काय झालं, म्हणजे शेवटची मंत्रिपातळीची भेट कधी, फॉरेन ऑफिस कन्सल्टेशन्सची, म्हणजे दोन्ही परराष्ट्र मंत्रालयांच्या अधिकाऱ्यांमधल्या चर्चेची, शेवटची फेरी कधी आणि कुठे, जॉइंट कमिशन म्हणजे दोन्ही देशांचा संयुक्त आयोग किती वर्षं बसलेला नाही, पुढची पाळी कुणाच्या राजधानीत बसायची. तारखा स्वतः तपासलेल्या हव्यात. त्याखाली व्यापाराचा एकच आकडा, भारताच्या वाणिज्य मंत्रालयाचा, तुमच्या देशाचा नाही. दोन्ही देशांचे आकडे कधीच जुळत नाहीत, मोजायच्या पद्धती वेगळ्या असतात, आणि पहिल्या भेटीत आकड्यावरून वाद नको.

मग पेंडिंग यादी. अडकलेले करार, अडकलेले व्हिसा, तुरुंगात असलेले दोन्हीकडचे नागरिक, विद्यार्थ्यांचे प्रश्न, संयुक्त राष्ट्रांतल्या निवडणुकीत एकमेकांना द्यायचा पाठिंबा. ही यादी लांब असेल, दहा-बारा मुद्दे सहज होतात. ती सगळी लिहा आणि मग राजदूतांसमोर बसून एकच मुद्दा निवडा जो या भेटीत काढायचा. एकच. बाकीचे फाइलीत राहू देत, समोरून कुणी विचारलं तर उत्तर तयार असावं म्हणून. तो एक मुद्दा कसा निवडायचा? जो समोरच्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या अधिकारात सुटू शकतो, ज्यासाठी गृह मंत्रालय, अर्थ मंत्रालय अशा चार दारांवर जावं लागत नाही. पहिलंच काम त्याच्या हातून यशस्वी झालं की पुढे त्यालाही तुमचं काम करावंसं वाटतं. आम्ही एकदा असाच एक साधा मुद्दा नेला होता, एका छोट्या शिष्यवृत्तीच्या यादीवर डिव्हिजनचं पत्र बाकी होतं, आठवड्यात आलं, आणि त्यानंतर त्या डिव्हिजनशी आमचं जे जमलं ते शेवटपर्यंत.

शेवटी, काय बोलायचं नाही याच्याही दोन ओळी लिहा. राजदूत अनुभवी असले तरी लिहा. व्हिएन्ना कराराच्या कलम ४१ मध्ये स्पष्ट आहे की यजमान देशाच्या अंतर्गत बाबतीत ढवळाढवळ करायची नाही, त्यामुळे इथल्या निवडणुका, राज्यातली सरकारं, कोर्टाचे निकाल यावर मत नाही, सहज गप्पा म्हणूनही नाही.

पायरी ५ : भेटीचा दिवस

आधी पत्ता. मंत्रालयाची ऑफिसं वर्षानुवर्षं साउथ ब्लॉक, जनपथवरचं जवाहरलाल नेहरू भवन, पतियाळा हाउस, अकबर भवन अशी विखुरलेली होती, त्यात ६ ऑगस्ट २०२५ ला कर्तव्य भवन-३ चं उद्घाटन झालं आणि तिथे ज्या मंत्रालयांना जागा ठरली त्यात परराष्ट्र मंत्रालयही आहे. म्हणजे जुन्या फाइलमधल्या खोली नंबरवर अजिबात विसंबू नका, आदल्या दिवशी पीएसना फोन करून इमारत, गेट, मजला, खोली विचारून घ्या आणि ड्रायव्हरला लिहून द्या.

वीस मिनिटं आधी पोचायचं. गेटवर पास, ओळखपत्र, तपासणी, फोन बाहेर ठेवावा लागू शकतो म्हणून ब्रीफ कागदावर पाहिजे, फोनमध्ये नाही. दोन पेन न्या. व्हिजिटिंग कार्डं सगळ्यांकडे असू देत. कपड्यांचं सांगायचं तर साधे, फॉर्मल, दिल्लीच्या मे महिन्यातसुद्धा फॉर्मलच.

भेटवस्तू न्यायचीच असेल तर अगदी छोटी, देशाबद्दलचं एखादं पुस्तक, कॉफीचं पाकीट. आपल्याकडे अधिकाऱ्यांना परदेशी भेटवस्तूंबद्दल नियम आहेत, किमती वस्तू तोशाखान्यात, म्हणजे भेटवस्तूंच्या सरकारी भांडारात, जमा करावी लागते, मग समोरच्याला विनाकारण कागदपत्रांच्या कामाला कशाला लावायचं.

आत गेल्यावर साधारण चित्र असं, जेएस, त्यांच्यासोबत डायरेक्टर किंवा डेप्युटी सेक्रेटरी, आणि तुमच्या देशाचा डेस्क बघणारा अंडर सेक्रेटरी. हा शेवटचा माणूस तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. राजदूत जेएसशी बोलत असतात, पण पुढची दोन-तीन वर्षं रोजचं बोलणं तुमचं आणि या अंडर सेक्रेटरीचं होणार. निघताना त्यांच्याशी वेगळे दोन शब्द बोला, कार्ड द्या, नंबर घ्या.

पायरी ६ : अर्धा तास कसा जातो

बहुतेक वेळा पंचवीस ते तीस मिनिटं मिळतात. नमनाला घडाभर तेल नको. अभिनंदन, आपल्या परराष्ट्रमंत्र्यांच्या किंवा मंत्रालयाच्या शुभेच्छा, दोन देशांबद्दल एक खरं, ठोस वाक्य. शतकानुशतकांचे संबंध, सांस्कृतिक धागे असलं काही नको, ते त्यांनी त्या आठवड्यात आठ वेळा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा तुमच्या देशात आपले किती नर्सेस काम करतात, कुठल्या बंदरात कुठली कंपनी काय बांधतेय, असं काहीतरी डोळ्यांसमोर येणारं सांगा.

आणि मग लगेच विचारा, तुमच्या दृष्टीने आमच्या देशाबाबतीत पुढच्या वर्षात काय महत्त्वाचं आहे? आणि गप्प बसा. खरंच गप्प बसा. नवीन अधिकाऱ्याने नुकत्याच फाइली वाचलेल्या असतात, त्याच्या मनात एक चित्र तयार होत असतं आणि ते या प्रश्नाच्या उत्तरात बाहेर येतं. माझ्या अनुभवात भेटीतली सगळ्यात कामाची पाच मिनिटं हीच. जे राजदूत स्वतःच बोलत राहिले त्यांच्या भेटीच्या नोट्स परत वाचल्या की त्यात आपलीच वाक्यं सापडतात, समोरचं काहीच नाही.

त्यानंतर तो एक मुद्दा. दोन मिनिटांत मांडायचा, उत्तराचा हट्ट धरायचा नाही. मग पुढच्या तारखा, कुणाचा दौरा आहे, कुठली बैठक आहे. मग आभार, उठायचं. वेळ संपायच्या दोन मिनिटं आधी आपणच उठलेलं चांगलं.

मागच्या जेएसशी तुलना करू नका, स्तुती म्हणूनही नको. कुणाच्या वैयक्तिक व्हिसाचं काम काढू नका. आणि राजधानीहून आपल्या सरकारची भूमिका किंवा निषेध औपचारिकपणे मांडायचा निरोप आला असेल, ज्याला देमार्श म्हणतात, तर तो या भेटीत घुसवू नका, त्याच्यासाठी वेगळी वेळ मागा. ओळखीला म्हणून बोलावलं आणि निषेध हातात ठेवला तर तो माणूस पुढच्या वेळी तुम्हाला वेळ देताना दहादा विचार करेल, आणि त्याचं चुकणार नाही.

कागद द्यायचाच असेल तर कुठला देतोय ते माहीत असू द्या. एड-मेम्वार म्हणजे बोललेलं विसरू नये म्हणून ठेवलेला दूतावासाचा अधिकृत कागद. नॉन-पेपर म्हणजे ज्यावर शिक्का नाही, लेटरहेड नाही, कल्पना म्हणून दिलेला, ज्याने कुणी बांधला जात नाही. पहिल्या भेटीत शक्यतो काहीच देऊ नका.

नोट्स घेणाऱ्यासाठी, म्हणजे बहुतेक तुमच्यासाठी. सगळं लिहायला जाऊ नका, नाहीतर मान वर होत नाही. समोरच्याने काय सांगितलं, कुठली तारीख दिली, कुठलं काम घेतलं आणि आपल्या बाजूने काय कबूल झालं, एवढं. पण महत्त्वाचं वाक्य मात्र शब्दाला शब्द, कारण मंत्रालयाच्या भाषेत शब्द मोजलेले असतात. आम्ही तपासून बघू, हा विचाराधीन आहे, आम्ही नोंद घेतली आहे, आमची हरकत नाही, या चारांचा अर्थ चार वेगळा. नोंद घेतली म्हणजे ऐकलं, एवढंच, त्यात होकार नाही. विचाराधीन म्हणजे फाइल कुठेतरी आहे, कुठे ते डेस्कला नंतर विचारायचं. हे तुम्ही आपल्या शब्दांत सोपं करून सकारात्मक प्रतिसाद मिळाला असं लिहिलंत तर तुमच्या राजधानीत चुकीची अपेक्षा तयार होते आणि महिनाभराने ती तुमच्या राजदूतांच्या गळ्यात येते. रेकॉर्डिंग कधीच नाही.

फोटो आणि पोस्टचं आधीच विचारून घ्या, शक्यतो आदल्या दिवशी पीएसमार्फत. नको म्हणाले तर नको. पोस्टमधला शब्दही बघा, कुणी कुणाला कॉल ऑन केलं म्हणजे भेट घ्यायला जाणारा मान देतोय, आणि नुसतं भेटले म्हणजे बरोबरीचे. राजदूताने सेक्रेटरींची भेट घेतली तर तसंच लिहा. आणि चर्चेत काय झालं ते पोस्टमध्ये नाही, विषयांची नावंसुद्धा समोरच्याला विचारल्याशिवाय नाही.

पायरी ७ : परत आल्यावर

लिफ्टमध्ये, कॉरिडॉरमध्ये, गाडीत भेटीबद्दल बोलू नका. ऑफिसात या, दार लावा, तिघांनी बसून दहा मिनिटं आपापल्या नोट्स जुळवा, कारण एकाने ऑक्टोबर ऐकलेलं असतं आणि दुसऱ्याने नोव्हेंबर.

रेकॉर्ड त्याच दिवशी. एक पान, कोण होतं, काय बोललं, कुणी काय कबूल केलं, तुमचं निरीक्षण शेवटी आणि वेगळं, बोलण्यात मिसळून नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आभाराचा छोटा ईमेल, आणि त्यातच कबूल केलेला कागद जोडून. हे चोवीस तासांचं पथ्य मी कधी मोडलं नाही. तुम्ही म्हणालात यादी पाठवतो आणि यादी दुसऱ्या दिवशी दहा वाजता पोचली, एवढ्यावरून समोरचा ठरवतो की या दूतावासाचा शब्द धरून चालायचं का. आणि उलट झालं तर तेही तो लक्षात ठेवतो, बोलून दाखवत नाही.

दोन आठवड्यांनी डेस्कला एक फोन, काही मागण्यासाठी नाही, त्या एका मुद्द्याचं काय झालं ते विचारायला आणि आपल्याकडून काही हवंय का ते विचारायला.

मुंबईतल्या कॉन्सुलेटमध्ये असाल तर

तिथे जेएस नसतात. कॉन्सुलेटचा व्हिएन्ना करार वेगळा, १९६३ चा, आणि त्याच्या कलम ३८ प्रमाणे कॉन्सुल आपल्या क्षेत्रातल्या स्थानिक अधिकाऱ्यांशी थेट बोलू शकतो. त्यामुळे तुमची पहिली भेट राज्य सरकारच्या मंत्रालयात सामान्य प्रशासन विभागाच्या राजशिष्टाचार शाखेत, आणि दुसरी बीकेसीतल्या विदेश भवनात, २०१७ मध्ये ते सुरू झालं आणि परराष्ट्र मंत्रालयाचं शाखा सचिवालय तिथे आहे. पायऱ्या बहुतेक याच, फक्त तिथे मराठी उपयोगी पडते, पत्र इंग्रजीत गेलं तरी फोन मराठीत करा.

आणि तुम्ही स्वतः आयएफएस होऊन बाहेर जाणार असाल तर हेच उलटं धरा. १९६१ च्या कराराच्या कलम ४१ चा दुसरा भाग सांगतो की दूतावासाचं सगळं अधिकृत काम यजमान देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाशी किंवा त्याच्यामार्फत, नाहीतर दोघांनी ठरवलेल्या दुसऱ्या मंत्रालयाशी, म्हणजे ढाक्यात सेगुनबागीचा आणि टोकियोत कासुमिगासेकी या भागांतल्या मंत्रालयांत जायचं. रीत तिथली तिथे शिकायची, टोकियोत कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं आणि मिळालेलं कार्ड टेबलावर समोर ठेवायचं, आखातात कॉफी झाल्याशिवाय कामाचा विषय नाही आणि घाई केलेली कुणाला आवडत नाही.

फाइल

डिप्लोमॅट तीनेक वर्षांनी बदलतात, आपण स्थानिक लोक राहतो, म्हणून फाइल आपली जबाबदारी. प्रत्येक अधिकाऱ्यासाठी एक पान ठेवा, त्यावर रुजू झाल्याची तारीख, भेटींच्या तारखा, भाषा, आपण कबूल केलेलं आणि पूर्ण केलेलं, त्यांनी कबूल केलेलं, पीएसचं नाव आणि एक्स्टेंशन, डेस्क ऑफिसरचा नंबर. अधिकारी बदलून गेले की पान फाडू नका, ते कुठे राजदूत म्हणून गेले ते खाली लिहा, कारण तिथे तुमच्या देशाचाही दूतावास असतो आणि तिथला तुमच्यासारखाच कुणीतरी एक दिवस फोन करून विचारणार असतो, हे साहेब कसे आहेत, पहिल्या भेटीत काय बोलू?